बेनेडिक्ट, बर्नार्ड आणि दाबून धरलेलं हसू

इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठवाशांसाठी लिहिलेल्या नियमावलीत हसण्यावर सरळ बंदी आहे, नम्रतेच्या नावाखाली माणसाला दडपलंय, आणि मी मागच्या लेखात त्यावर साखर पेरली.

बंदी आहेच, आणि चांगली कडक आहे. सहाव्या प्रकरणात थट्टामस्करी आणि हसवण्यापुरत्या वायफळ गप्पांना मठात कायमची मनाई. सातव्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या. दहावी म्हणते, उठसूट हसू नये; अकरावी म्हणते, बोलावं ते हळू, मोजकं आणि न हसता. तुम्ही नेमक्या याच दोन दाखवल्यात. पण ईस्टरआधीच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या, उपवासकाळाबद्दलचं एकोणपन्नासावं प्रकरणही बघा. खाणं, झोप, बडबड, थट्टा थोडी कमी करा असं तिथे सांगितलंय आणि लगोलग, ईस्टरची वाट आनंदाने पाहा, असंही. म्हणजे बेनेडिक्टचं वाकडं आनंदाशी नाही.

मग कशाशी? सहाव्या शतकातला इटलीतला मठ डोळ्यांसमोर आणा. मरेपर्यंत तिथेच राहायचं वचन दिलेलं. शक्यतो सगळ्यांनी एकाच दालनात झोपायचं. गुलामीतून आलेला आणि स्वतंत्र घरात जन्मलेला शेजारीशेजारी. मान कुळावरून नाही, मठात आधी कोण आला त्यावरून. अशा जागी कुणाच्या बोलण्याची, चालण्याची टवाळी सुरू झाली की त्याने जायचं कुठे? होस्टेलात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बेनेडिक्टने कारण असं लिहून ठेवलेलं नाही, हा माझा अंदाज. पण नियमावली सलग वाचली की तो पटतो.

आता बर्नार्ड. बाराव्या शतकातला हा फ्रान्समधल्या क्लेर्व्होचा मठाधिपती. नम्रतेच्या पायऱ्यांवर लिहायला बसला आणि पुस्तकाचा मोठा भाग अहंकाराच्या पायऱ्यांनाच दिला. तिसरी पायरी पोरकट खिदळण्याची. त्यातला मठवासी हसू आवरायला बघतो: तोंड झाकतो, ओठ मिटतो, दात आवळतो, शेवटी तोंडात मुठी कोंबतो, तरी ते नाकातून फुर्र करून बाहेर पडतंच. प्रार्थनेच्या वेळी शेजारच्याकडे बघून ज्याचं स्वतःचं असं झालेलं नाही, त्याला हे लिहिता येईल? शेवटी बर्नार्ड मित्राला म्हणतो, मी चढणीऐवजी उतरणच दाखवली असं तुला वाटेल, पण मला जे येतं तेच मी शिकवणार! हा विनोद त्याने स्वतःवर केलाय, आणि मठात चालतो तो हाच. दुसऱ्याला खाली ढकलणारा चालत नाही.

या दोघांच्याही आधीचा, इजिप्तच्या वाळवंटातला संन्यासी, बुटका योहान. त्याला एकदा वाटलं, देवदूतांसारखं व्हावं, कामधंदा नको, नुसती अखंड भक्ती. अंगावरचं वस्त्र टाकून निघाला वाळवंटात. आठवड्याने परत येऊन दार ठोठावलं. आतून थोरल्या भावाने विचारलं, कोण? ‘मी योहान.’ ‘छे, योहान देवदूत झाला, तो आता माणसांत नाही.’ हा बाहेर विनवतोय, तो दार उघडत नाही. सकाळी उघडलं आणि म्हणाला, तू माणूस आहेस, पोटाला हवं तर काम करावं लागेल. योहानाने पाया पडून क्षमा मागितली. नम्रतेवर यापेक्षा नेटका धडा मला माहीत नाही, आणि तो रात्रभर चाललेल्या चेष्टेतून दिलाय.

दुसरा सूरही आहे, तो झाकायचा नाही. ख्रिस्त रडल्याचं शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या ख्रिस्तचरित्रात, सापडतं, हसल्याचं नाही, असं योहान क्रिसोस्तोम या जुन्या काळच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने बजावलं. मला हा युक्तिवाद तोकडा वाटतो. जे आता रडतात ते हसतील, हे वचन लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तानेच दिलंय.

राहिला दडपण्याचा प्रश्न. बेनेडिक्टची सातवी पायरी सांगते, आपण सगळ्यांहून हलके आहोत हे नुसतं तोंडाने म्हणू नका, मनापासून माना. वाईट मठाधिपतीच्या हातात हे हत्यार होऊ शकतं, यावर तुमच्याशी भांडण नाही. बेनेडिक्टलाही ती भीती होती. चौसष्टाव्या प्रकरणात तो मठाधिपतीलाच सांगतो की गंज फार खरवडू नको, भांडं फुटेल. आणि महत्त्वाच्या निर्णयाआधी सगळ्यांना बोलवायचं, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच बरं काय ते सुचवतो, हे तिसऱ्या प्रकरणात. तुमच्या प्रतिक्रियेत ही दोन प्रकरणं कुठेच आली नाहीत. ती वाचून पुन्हा लिहा, वाट बघतो.