साठ चौरस मीटर म्हणजे नक्की किती हो?

गेले तीन महिने पुण्यात टूबीएचके बघतोय आणि प्रत्येक साईट ऑफिसमध्ये तोच प्रकार, फोनवर सांगतात साडेनऊशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे, तिथे गेलं की हातात ब्रोशर, त्यात कारपेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, लिहिलंय 60 चौ.मी., आता घरी बसून 10.764 ने गुणलं तर येतात जेमतेम 646 चौरस फूट! मग उरलेले तीनशे कुठे गेले? तर म्हणे साडेनऊशे हे सेलेबल, म्हणजे विक्रीचं क्षेत्रफळ, जिना लिफ्ट लॉबी सगळं धरून. अहो, रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा, कायदा 2016 चा आहे ना, कारपेटवरच बोला की सरळ.

बरं, त्या कारपेटमध्येही खोल्यांमधल्या भिंती धरलेल्या असतात, म्हणजे टेप लावून मोजलं की अजून कमी भरतं. बाल्कनी मात्र त्यात नसते, ती वेगळी दाखवतात, आणि काही जण दोन्हीची बेरीज करून तोच आकडा कारपेट म्हणून सांगतात. याचा मला खरंच संताप येतो.

आणि प्लॅनवरची अक्षरं! डी.बी. म्हणजे ड्राय बाल्कनी, कपडे-भांडी धुवायची जागा, हे मला दुसऱ्या साईटवर कळलं, तोवर आईला मी ती छोटी खोली म्हणून सांगत होतो. बेडरूम 3.05 बाय 3.35 मीटर लिहितात, दहा बाय अकरा फूट लिहायला काय जातं? तिथे पलंग आणि कपाट मावेल का एवढंच बघायचं असतं माणसाला, आयुष्यभराचे पैसे घालतोय आम्ही त्यात.