लेसोथोला कसलं आलंय साहित्य?

गेले काही दिवस पुस्तकवेड्या मंडळींमध्ये एक मजकूर फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली टाळ्या वाजवून. मजकुराचा सूर असा: आफ्रिकी साहित्य म्हणजे नायजेरिया, केनिया आणि दक्षिण आफ्रिका. लेसोथोसारख्या चिमुकल्या देशांना साहित्य म्हणावं असं काही नाही. त्याची पाच कारणंही दिलीत. एक, आफ्रिकी कादंबरी 1958 साली नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्यापासून सुरू झाली. दोन, त्याआधीचं जे काही असेल ती मिशनऱ्यांची धर्मपुस्तकं. तीन, बाकी सगळं तोंडी, आणि तोंडी ते साहित्य नव्हे. चार, एवढ्याशा देशाच्या भाषेतलं पुस्तक बाहेर जाणार कसं? पाच, तिथं जे लिहितात ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहतात.

दुसऱ्या एखाद्या देशाचं नाव असतं तर मीही कदाचित वाचून सोडून दिलं असतं. लेसोथोचं उदाहरण घेऊन मात्र लिहिणाऱ्यानं पायावर धोंडा पाडून घेतलाय.

देश लहान आहे, यात वाद नाही. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका, मधे डोंगराळ लेसोथो. पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे जोडले तर साधारण तेवढा. ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला 4 ऑक्टोबर 1966 ला. लोक बासोथो (एकटा माणूस मोसोथो), भाषा सेसोथो. जाता जाता एक गंमत: यातला 'थ' आपल्या थ सारखाच, श्वास सोडणारा. इंग्रजीतून वाचणारे त्याची वाट लावतात, देवनागरीत तो नीट बसतो. देशाच्या नावाचा उच्चार मात्र 'लिसूथू'च्या जवळ जातो. मी इथं रुळलेलं लेसोथोच लिहितो.

आता 1958 चं. त्या साली अचेबे यांची पहिली कादंबरी आली आणि तिनं मोठं काम केलं, हे खरंच. पण टॉमस मोफोलो या मोसोथो लेखकाची 'मोएती वा बोचाबेला', म्हणजे 'पूर्वेचा वाटसरू', लेसोथोतल्या एका नियतकालिकात क्रमशः येऊन पुस्तकरूपात छापली गेली ती 1907 साली. एक्कावन्न वर्षं आधी. मोफोलो काही एकांडा शिलेदारही नव्हता. त्याचे गुरू एव्हरिट सेगोएते यांची कादंबरी 1910 ची. तिच्या नावाचा अर्थ 'संपत्ती म्हणजे धुकं, नुसती वाफ' असा आहे. अझारिएल सेकेसे यांनी बासोथोंच्या रूढी आणि म्हणी गोळा केल्या, शिवाय पक्ष्यांच्या सभेची एक कथा लिहिली. तीत लहान पाखरं ससाण्याच्या जुलमाविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन उभी राहतात. पाखरं कोण, ससाणा कोण, हे वाचणाऱ्या बासोथोंना कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. लेसोथोबाहेर बघायचं तर इथिओपियात अम्हारिक भाषेतली पहिली कादंबरी 1908 ची आहे. म्हणजे 1958 हे साल आफ्रिकी कादंबरीच्या जन्माचं नाही, इंग्रजी वाचणाऱ्यांना तिची खबर लागली त्याचं आहे.

मिशनऱ्यांच्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे, आणि उरलेलं निम्मं जास्त रंगतदार आहे.

पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशनचे तिघे 1833 साली तिथं पोचले आणि मोरिजाला त्यांनी ठाणं केलं. पण ते घुसले नव्हते, त्यांना बोलावणं होतं. राजा मोश्वेश्वे पहिला यानं ऐकलं होतं की शेजारच्या मुलखात असे पाद्री असले की बंदुकवाल्या लुटारूंचा त्रास कमी होतो. त्यानं पाद्री मिळवून द्या म्हणून चक्क गुरांचा कळप धाडला. तो कळप वाटेतच लुटला गेला, ही गोष्ट वेगळी. मोरिजाला पुढं छापखाना आला आणि 1863 पासून 'लेसेलिन्याना ला लेसोथो', म्हणजे 'लेसोथोचा छोटा उजेड', हे नियतकालिक निघू लागलं. 'केसरी'च्या अठरा वर्षं आधी. मोफोलोची पहिली कादंबरी यातच आली.

छापखाना मिशनचा, म्हणून साहित्यही मिशनचं? मग आपणही जरा जपून बोलायला हवं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची, धर्मांतरित ख्रिस्ती लेखकाची. मराठी कादंबरीचा इतिहास तिथून सुरू करताना आपण काही मराठी कादंबरी मिशनच्या नावावर करून टाकत नाही.

मोफोलोची पहिली कादंबरी धर्माकडे झुकलेली आहे, हे मान्य. फेकिसी नावाचा तरुण गावातली दारू, मारामाऱ्या बघून विटतो आणि देवाच्या शोधात घर सोडतो. सेसोथोत आधीच भाषांतरित झालेल्या एका इंग्रजी ख्रिस्ती रूपककथेची सावली तिच्यावर आहे. पण त्याच पुस्तकात हा पोरगा आपल्या गुरांची स्तुती गातो, आणि ती गातो अस्सल बासोथो स्तुतिकवनाच्या चालीवर. तेवढा भाग काही पॅरिसहून आलेला नाही.

आणि मग मोफोलोचं 'चाका'. हा मुद्दा लिहिणाऱ्यानं या पुस्तकाची हकिगत शोधली असती तर त्यानं तो खोडून टाकला असता. मोफोलो मोरिजाच्या छापखान्यात आणि पुस्तक भांडारात नोकरीला होता. झुलू राजा चाका याच्यावर लिहायचं म्हणून तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सायकलवरून माहिती गोळा करत हिंडला. हस्तलिखित 1910 च्या सुमाराला मिशनकडं गेलं. पुस्तक छापून आलं 1925 साली. मधली पंधरा वर्षं ते मोरिजालाच पडून होतं. पाद्र्यांत दोन तट होते. असं पुस्तक वाचून लोक पुन्हा जुन्या समजुतींकडं वळतील, अशी काहींना धास्ती होती.

धास्ती का वाटली ते पुस्तकातच दिसतं. बापानं टाकलेला, भावांनी जिवावर उठून हाकललेला चाका रानात एका झाडाखाली निजलाय. जाग येते तर समोर इसानुसी, मांत्रिक. तो काही लादत नाही. तो विचारतो, तुला काय हवं? चाकाला आधी फक्त बापाची गादी हवी असते. मग जास्त हवं होतं. मग त्याहून जास्त. दर वेळी इसानुसी किंमत सांगतो आणि दर वेळी निवड चाकावर सोडतो. शेवटी किंमत असते नोलिवा, चाकाची प्रेयसी, त्याच्या मुलाला पोटात वाढवणारी. चाका तिला आपल्या हातानं मारतो. इतिहासात नोलिवा नाही, ती मोफोलोनं घडवली, आणि ती आल्यामुळंच ऐतिहासिक कादंबरीची शोकांतिका झाली. अखेरीस भावांच्या हातून मरताना चाका त्यांना सांगतो की राज्य तुम्हाला मिळणार नाही, गोरा माणूस येतोय. मिशनच्या कपाटात पंधरा वर्षं पडून राहिलेल्या पुस्तकाचा हा शेवट! पुस्तक चाकाला दोषी ठरवतं, हे खरं. पण मांत्रिक इतका जिवंत उतरलाय की तो निव्वळ सैतान आहे असं वाचणाऱ्याला म्हणवत नाही. माझ्या मते पाद्र्यांची अडचण तीच होती.

या सगळ्यात मोफोलोनं मोरिजा सोडलं. खाणींसाठी मजूर भरती करण्यापासून पडेल ते काम केलं. पुढं दक्षिण आफ्रिकेत शेती घेतली, तीही काळ्यांच्या जमीनमालकीवर बंदी घालणाऱ्या कायद्यापायी गेली. 1948 साली वारला. 'चाका' पूर्ण केल्यानंतर त्याची नवी कादंबरी आली ती एकच, 1910 ची. तेव्हा 'मिशनचं साहित्य' या शब्दांत मिशननं काय छापलं ते येतं, काय अडवून धरलं ते येत नाही.

तोंडी ते साहित्य नव्हे, या मुद्द्यावर खरं तर ओवी-अभंगांच्या मुलखात वाद घालायची पाळी येऊ नये. बासोथोंचा मोठा काव्यप्रकार म्हणजे 'दिथोको', स्तुतिकवनं. लेसोथोच्या लेखनपद्धतीत हा शब्द 'लि' लिहून 'दि' वाचतात, तेव्हा पुस्तकात लिथोको दिसलं तर गोंधळू नका. योद्धा पुष्कळदा स्वतःचं कवन स्वतःच रचायचा. तरुणपणी मोश्वेश्वेनं रामोनाहेंग नावाच्या सरदाराची गुरं पळवली आणि कवन केलं: मी तो वस्तरा, ज्यानं रामोनाहेंगची दाढी भादरली. त्याचं नावच त्या ओळीतून आलंय. श्वे-श्वे हा वस्तरा फिरताना होणारा आवाज. राष्ट्राचा संस्थापक आपल्याच कवितेतल्या ध्वनीनं ओळखला जातो, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. आणि हे सगळं हवेत विरलेलंही नाही. झाकेआ मांग्वाएला यांनी राजांची दिथोको गोळा करून 1921 सालीच छापली.

दुसरा प्रकार 'दिफेला', दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबायला गेलेल्या मजुरांची गाणी. ही माणसं स्वतःला 'मुलूख तुडवणारे' म्हणवतात. रेल्वे, सीमेवरचे पोलीस, खाणीतला अंधार, मागं राहिलेली बायको, सगळं एका दमात, ऐटीत, दुसऱ्या गायकावर मात करायच्या ईर्ष्येनं. मुंबईच्या गिरण्यांत कोकण-देशावरून गेलेल्यांनी जे गायलं ते ज्यांच्या कानावर आहे, त्यांनी यावर नाक मुरडू नये.

लहान भाषेचा मुद्दा तर आकड्यातच गडबडलाय. सेसोथो बोलणारे लेसोथोत जितके, त्याहून जास्त दक्षिण आफ्रिकेत आहेत. आणि पुस्तक बाहेर जाणार कसं? गेलं की. 'चाका'चं इंग्रजी भाषांतर 1931 साली आलं, फ्रेंच 1940 साली, डॅनियल कुनेने यांचं नवं इंग्रजी भाषांतर 1981 साली. फ्रेंच वाचून सेनेगलच्या लिओपोल्ड सेंघोरनी चाकावर नाट्यकाव्य लिहिलं, त्यांच्या मागून मालीच्या सेदू बादियाँनी नाटक. पुढं हेच सेंघोर राष्ट्राध्यक्ष झाले. विसाव्या शतकातली शंभर उत्तम आफ्रिकी पुस्तकं 2002 साली निवडली गेली, तेव्हा पहिल्या बारांत 'चाका' होतं. अचेबेंचं पुस्तकही त्याच बारांत.

राहिला पाचवा मुद्दा. माणसं दक्षिण आफ्रिकेत जातात, खरं आहे. खाणी तिकडं, नोकऱ्या तिकडं, मोठे प्रकाशक तिकडं. पण वाट एकेरी नाही. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात झेक्स म्डा वडिलांपाठोपाठ लेसोथोत वाढले, न्जाबुलो न्देबेले लेसोथोतल्या रोमा या गावच्या विद्यापीठात शिकवत होते. हे दोघे दक्षिण आफ्रिकेचेच लेखक, त्यांना लेसोथोच्या खात्यात ओढायची मला हौस नाही. खात्यात धरायचंच तर म्फो न्थुन्या या बाईंना धरा. डोंगरात आयुष्य काढलेली, रोमाच्या विद्यापीठात घरकाम करणारी बाई. तिनं आपली जन्मकहाणी एका अमेरिकन प्राध्यापिकेला तोंडी सांगितली, तिचं 1996 साली पुस्तक झालं. भूक, बर्फ, एकामागून एक गेलेली माणसं. कुठं रडगाणं नाही.

सेसोथोत गोष्ट सांगायला बसलं की सुरुवात ठरलेली असते: 'बा रे ए ने ए रे', म्हणजे 'म्हणतात, असं झालं होतं'. लेसोथोची राजधानी मासेरू इथं अलीकडच्या वर्षांत एक साहित्य महोत्सव भरवला गेला. त्याचं नाव याच शब्दांवरून ठेवलंय.