लेन्स म्हणजे निव्वळ हौस? त्या फॉरवर्डचा मुद्देसूद समाचार

कॉन्टॅक्ट लेन्सबद्दलचा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. त्याचा गोषवारा असा: लेन्स ही हौसेची वस्तू आहे, मोठ्या स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या) लेन्स हे कंपन्यांनी आणलेलं नवं फॅड आहे, कडक लेन्स कालबाह्य झाल्या, घ्यायचीच तर सॉफ्ट घ्या, केराटोकोनस (बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) झाला की बुबुळ बदलण्यावाचून गत्यंतर नाही, लेन्स सरकून डोळ्याच्या मागे जाते, रात्री लेन्स लावून झोपलं की नंबर कायमचा जातो, आणि सोल्यूशन संपलं तर प्यायचं शुद्ध पाणी चालतं. मी रोज लेन्स बसवण्याचंच काम करतो. हा मेसेज मोबाइलवर दाखवत पेशंट येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

‘हौस’ आणि ‘नवं फॅड’ हे दोन्ही आरोप एकत्र घेऊ, कारण १८८८ साली काय घडलं ते पाहिलं की दोन्ही गळून पडतात. त्या वर्षी झुरिकमध्ये आडोल्फ फिक या डॉक्टरांनी काचेच्या पातळ वाट्या बनवून घेतल्या. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या आणि मग काही रुग्णांच्या डोळ्यांवर त्यांनी त्या लावून पाहिल्या. वाटी टेकायची डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, आणि बुबुळापुढच्या पोकळीत द्राक्षशर्करेचं पाणी भरलेलं असायचं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये यूजेन काल्ट केराटोकोनसच्या रुग्णांना अशाच वाट्या लावत होते. पुढे आलेला शंकू दाबून बसवावा, असा त्यांचा विचार. १८८९ मध्ये जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट म्युलर यांनी प्रबंधच लिहिला, तोही स्वतःच्या उणे १४ नंबरवर उपाय शोधताना. काच त्यांना जेमतेम अर्धा तास सहन व्हायची. यात हौस कुठे दिसते? ज्यांचं चष्म्याने भागत नव्हतं अशाच डोळ्यांसाठी लेन्स जन्माला आली, आणि ती पहिली लेन्स स्क्लेरलच होती.

मग ती मागे का पडली? बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात. ते प्राणवायू घेतं बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत. एवढी मोठी काच वर बसली की बुबुळ गुदमरून सुजायचं आणि दिसणं धूसर व्हायचं. १९४८ मध्ये अमेरिकेत केविन टूही यांनी फक्त बुबुळावर बसणारी छोटी प्लास्टिक लेन्स काढली. ती पापणीच्या उघडझापीबरोबर हलायची आणि खालचे अश्रू बदलत राहायचे, म्हणून ती रुळली. स्क्लेरलचे दिवस परतले ते प्राणवायू आरपार जाऊ देणारं प्लास्टिक आल्यावर. ऑस्ट्रेलियाच्या डॉन इझिकेल यांनी १९८३ मध्ये तशी स्क्लेरल लेन्स मांडली. बोस्टनच्या पेरी रोझेन्थाल यांच्या लेन्सला १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेची, म्हणजे एफडीएची, मान्यता मिळाली. त्याच धर्तीवरचे, डोळ्यानुसार बेतलेल्या स्क्लेरल लेन्सचे ‘प्रोझ’ उपचार आज हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात मिळतात. कल्पना जुनीच आहे, बदललंय ते मटेरियल.

स्क्लेरल लावताना एकदा बघाच. पेशंट मान पूर्ण खाली घालतो, चेहरा जमिनीला समांतर. रबरी प्लंजरवर (लेन्स धरायच्या छोट्या दांडीवर) लेन्स उताणी ठेवून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन काठोकाठ भरायचं, त्यात किंचित फ्लुओरेसिन, म्हणजे हिरवा चमकणारा रंग. दोन्ही पापण्या ताणून धरायच्या आणि लेन्स खालून सरळ वर न्यायची. आत बुडबुडा अडकला की काढून पुन्हा पहिल्यापासून. नीट बसली की स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) उजेडात बुबुळ आणि लेन्स यांच्यामध्ये हिरवा पट्टा दिसतो, साधारण पाव मिलिमीटरचा. पट्टा कुठे नाहीसा झाला असेल तर लेन्स तिथे बुबुळाला घासते आहे. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये, म्हणजे औषधाच्या भयंकर रिअ‍ॅक्शननंतर, डोळे कोरडेठाक पडतात आणि पापण्यांच्या खरखरीत कडा बुबुळ सोलत राहतात. अशा माणसाच्या बुबुळाला दिवसभर ओलावा आणि संरक्षण देणारी गोष्ट म्हणजे हाच पाव मिलिमीटर. किंमत हजारांत जाते, ही तक्रार रास्त आहे. पण महाग असणं वेगळं आणि फॅड असणं वेगळं.

आता कडक लेन्सकडे वळू. सॉफ्ट लेन्सशी माझं वैर नाही. ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात प्राग शहरात घरच्या टेबलावर, मुलाच्या ‘मेर्कुर’ खेळण्याच्या सुट्या भागांतून यंत्र जोडून ती बनवली, हा किस्सा मी शिकाऊ मुलांना हमखास सांगतो. सरळ नंबर असेल तर सॉफ्ट उत्तमच. पण केराटोकोनसमध्ये बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, तेही वेडंवाकडं. त्यावर साधी सॉफ्ट लेन्स ओल्या फडक्यासारखी पसरते आणि खालचा सगळा उंचसखलपणा जसाच्या तसा वर उमटतो. कडक लेन्स स्वतःचा आकार सोडत नाही. तिच्या आणि बुबुळाच्या मधल्या फटी अश्रूंनी भरतात. अश्रूंचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.३३६, बुबुळाचा १.३७६. दोन्ही इतके जवळ की प्रकाशाच्या दृष्टीने बुबुळाचा खडबडीतपणा जवळजवळ पुसला जातो आणि लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग तेवढा उरतो. चष्म्याने पहिल्या दोन ओळींवर अडकलेला मुलगा लेन्स लावताच खालच्या ओळी वाचतो तो यामुळे.

आणि आजची कडक लेन्स म्हणजे टूहींची लेन्स नव्हे. दुकानात जिला ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात ती आरजीपी (प्राणवायू जाऊ देणारी कडक लेन्स) सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आली, आणि तिच्यातून प्राणवायू जातो. शंकूसाठी तिचे खास आकारही आहेत. न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांची ‘रोझ के’ त्यांतलीच. टोचते म्हणणाऱ्यांसाठी खाली सॉफ्ट आणि वर आरजीपी अशी पिगीबॅक जोडी, किंवा मध्ये कडक आणि कडेला सॉफ्ट अशी हायब्रिड, हेही पर्याय आहेत.

‘केराटोकोनस म्हणजे बुबुळ बदलणं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते वाचून घाबरणारी बहुतेक मुलं कॉलेजच्या वयाची असतात. आजार वाढतो आहे असं दिसलं तर तो थांबवण्यासाठी क्रॉस-लिंकिंग आहे. रायबोफ्लेविनचे (बी-२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालून अतिनील किरण सोडतात, बुबुळातले तंतू घट्ट होतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ही पद्धत विकसित झाली. मात्र लेन्सने आजार थांबत नाही, तिने फक्त दिसतं. काल्टसाहेबांची दाबून बसवण्याची कल्पना टिकली नाही, तरी ‘कडक लेन्स लावली की शंकू मागे जाईल’ असं सांगणारे अजून भेटतात. बुबुळ बदलायची वेळ येते ती मधोमध डाग पडला, बुबुळ फारच पातळ झालं किंवा कुठलीच लेन्स जमेना, तेव्हा. गंमत म्हणजे बदलल्यावरही टाक्यांमुळे मोठा सिलिंडर नंबर (बुबुळाच्या असमान वक्रतेचा नंबर) राहतो आणि कित्येक जण पुन्हा लेन्ससाठीच माझ्यासमोर बसतात.

हा आजार विरळा आहे असंही समजू नका. नागपूरकडच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले, त्यात प्रमाण २.३ टक्के निघालं. तिथे निकष फक्त बुबुळाच्या वक्रतेचा होता, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. तरीही, डोळे चोळायची सवय असलेल्या आणि वर्षाला सिलिंडर नंबर वाढणाऱ्या मुलाची टोपोग्राफी (बुबुळाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) करून घ्या. आणि चोळणं आजच बंद.

लेन्स डोळ्यामागे जात नाही. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्यावरच येतं, वाट बंद आहे. फार तर वरच्या पापणीखाली घडी होऊन बसेल.

रात्रीची लेन्स, म्हणजे ऑर्थो-के. एफडीएने २००२ मध्ये ती रात्री वापरायला मान्यता दिली. तिच्यामुळे बुबुळाच्या वरच्या थराची जाडी काही मायक्रॉननी बदलते आणि दिवसा चष्म्याविना दिसतं. लावणं थांबवलं की काही दिवस-आठवड्यांत नंबर परत जागेवर. वाढत्या मुलांचा नंबर वाढण्याचा वेग ती कमी करते, हा खरा फायदा. पण मेसेजमध्ये नेमका तोच नाही. आणि साधी सॉफ्ट लेन्स लावून झोपणं ही यातली पद्धत नव्हे, त्याने जंतुसंसर्गाचा धोका कैक पटींनी वाढतो.

राहिलं पाणी. हा सल्ला ज्याने लिहिला त्याने अकँथामीबाची जखम पाहिलेली नाही. हा अमीबा नळाच्या पाण्यात असतो आणि त्याचं कवच क्लोरीनला दाद देत नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत लोक मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच सलाइन बनवत. त्यातून या संसर्गाच्या केसेस उघडकीला आल्या. उपचार महिनोन्‌महिने चालतात, दुखणं असह्य असतं. फिल्टरचं, उकळलेलं, बाटलीतलं, कुठलंच पाणी लेन्सला आणि लेन्सच्या डबीला लावायचं नाही. स्क्लेरलवाल्यांनी तर सलाइनच्या सीलबंद छोट्या ट्यूब जास्तीच्या आणून ठेवाव्यात, कारण गावाला गेल्यावर त्या मेडिकलमध्ये मिळतीलच असं नाही.