पाय ताठ ठेवा सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला चाळीसगावहून नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. "पाय सुन्न हुई ग्यात रे भाऊ." खुर्चीवरून उठायला गेले तर उजवा पाय टेकलाच नाही, टेबलाला धरलं म्हणून पडले नाहीत.

नाना 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. कन्नडच्या घाटातून बस चढवणारा हा माणूस निवृत्तीनंतर घरच्या कॉम्प्युटरवर, सिम्युलेटरच्या खेळात, विमान उडवतो, सेसना 172 नावाचं छोटं विमान. दिवाळीत मी त्यांना रडर पेडल, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायला पायाने दाबायचे पेडल, आणून दिले आणि चार महिने काही तक्रार नव्हती. मग गावातल्या कोणीतरी त्यांना एक मेसेज पाठवला. "रडर पेडल लावण्याची खरी पायलट पद्धत" असं त्याचं नाव. तो मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून उत्तर इथे लिहितोय.

मेसेज म्हणतो: पेडल इतके लांब ठेवा की पाय ताठ झाले पाहिजेत. पूर्ण पाऊल पेडलवर चढवून ठेवा, टाच जमिनीला लागू देऊ नका. स्प्रिंग होईल तितकी घट्ट करा. डेडझोन, म्हणजे पेडल दाबूनही विमान दाद देत नाही ते सुरुवातीचं अंतर, 25 टक्के ठेवा. खुर्ची कोणतीही चालते, पेडल मात्र हलता कामा नयेत. बूट घालूनच बसा. आणि शेवटी: पाय दुखले, मुंग्या आल्या तर थांबू नका, स्नायूंना सवय लागतेय त्याचीच ती खूण आहे, 15 दिवस सोसा.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्याच्यामुळेच नाना पडायच्या बेतात आले होते. स्नायू थकून दुखणं वेगळं आणि मुंग्या येणं वेगळं. खुर्चीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते, तिथल्या नसा दाबल्या जातात, म्हणून पाय बधिर होतो. दाबलेल्या नसेला 15 दिवस दाबून ठेवल्याने कसली सवय लागणार? उद्या तो माणूस सांगेल, चप्पल चावत असेल तर जखम होईपर्यंत चाला. मुंग्या आल्या की थांबायचं, उठायचं, घरात चार फेऱ्या मारायच्या. उठल्यावरही बधिरपणा जात नसेल किंवा एकाच पोटरीला सूज आली असेल, तर पेडल राहू द्या आणि डॉक्टरकडे जा. नाना 67 वर्षांचे आहेत. त्या वयाच्या माणसाला "सोसा" म्हणून सांगणाऱ्याला त्यांच्या गुडघ्यांची काय माहिती?

आता पाय ताठ ठेवण्याचं. मी चाळीसगावला जाऊन पाहिलं तर नाना खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेले, पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यात वीतभर अंतर, आणि गुडघे कुलूप लावल्यासारखे सरळ. एक पेडल पुढे दाबलं की दुसरं मागे येतं, हे मेसेजवाल्याच्या लक्षातच आलेलं नाही. पाय आधीच ताठ असेल तर पेडल पुढे दाबायला उरतं काय? मग माणूस कंबर पुढे सरकवतो, माकडहाडावर बसतो, पाठीचा कणा वाकतो आणि सगळा भार मांडीखालच्या त्या कडेवर येतो. मुंग्यांचं मूळ हेच.

"खरे पायलट असेच बसतात" हे तर साफ खोटं आहे. सेसनाची सीट रुळावर पुढे-मागे सरकते आणि खाचेत अडकते. बोइंग 737 मध्ये तर पेडलच जवळ-दूर करायला वैमानिकापाशी हँडल दिलेलं असतं. पाय ताठच ठेवायचे असते तर ही सोय कशाला केली असती? अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, एफएएचं, एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक कोणालाही फुकट वाचता येतं. त्यात सरळ लिहिलंय की पावलांचा भार टाचांनी जमिनीवर पेलायचा, चवडे पेडलला टेकलेले असावेत आणि पाय सैल असावेत. टाच जमिनीवर, पाय सैल. मेसेजचे पहिले दोन्ही नियम याच्या बरोबर उलटे आहेत.

टाच उचलून ठेवण्यात आणखी एक घोटाळा आहे. पेडलचा वरचा भाग म्हणजे टो ब्रेक, पावलाच्या पुढच्या भागाने दाबायचा चाकांचा ब्रेक. पूर्ण पाऊल वर चढवलं की नकळत ब्रेक दाबला जातो. तो दाबला जाऊ नये म्हणून माणूस बोटं वर खेचून धरतो आणि नडगीचा स्नायू जळायला लागतो. नाना जळगावहून निघून शिर्डीला उतरत होते; तासाभराचं उड्डाण, वाटेत खाली चाळीसगावही दिसतं. चाकं टेकली आणि विमान उजवीकडे खेचलं गेलं, कारण उजवा ब्रेक आधीच अर्धा दाबलेला होता. चवडे खाली ठेवायचे आणि ब्रेक हवा तेव्हाच पाऊल वर सरकवायचं, एवढंच आहे ते.

माप घ्यायची रीत नानांनीच मला शिकवली, तीही बसची. पाठ सीटला पूर्ण टेकवायची आणि क्लच तळापर्यंत दाबायचा. तरीही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. इथेही तेच करा. एक पेडल शेवटपर्यंत दाबा, गुडघा किंचित वाकलेला राहतो ना आणि कंबर जागची हलत नाही ना ते बघा. मग दुसऱ्या पायाचं बघा, मागे आलेला गुडघा टेबलाला आपटता कामा नये. नडगी आणि तळवा यांच्यात साधारण काटकोन असावा. आपल्या घरच्या खुर्च्या विमानाच्या सीटपेक्षा उंच असतात, त्यामुळे पाय वरून खाली येतो आणि घोटा अवघडतो. खुर्ची आधी खाली करा. पेडलचा पाया जाड असेल तर टाचेखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा. नानांनी दीड इंचाची सागाची फळी ठेवली, कडा कानशीने घासून गोल केल्या.

स्प्रिंग घट्ट केली की खऱ्यासारखं वाटतं, हेही चूक. सेसनात जमिनीवर पेडल जड लागतात, कारण ते पुढच्या चाकाला जोडलेले असतात. हवेत त्यांचा जडपणा वेगाप्रमाणे बदलतो. घरच्या पेडलची स्प्रिंग फक्त पेडल मधोमध परत आणते. ती आवळून सेसना होत नाही, पोटरी तेवढी दुखते. एक मान्य करतो, अगदी सैल स्प्रिंगही वाईट, कारण नुसत्या पायाच्या वजनाने पेडल सरकतं. पाय सैल ठेवल्यावर पेडल जागचं हलू नये, इतपत घट्ट पुरे.

25 टक्के डेडझोन म्हणजे पेडल पाव अंतर दाबलं तरी काहीच होणार नाही. टेकऑफला पूर्ण पॉवर दिली की सेसनाचं नाक डावीकडे वळतं आणि उजव्या पायाने बारीक बारीक दाब द्यावा लागतो. नेमक्या त्या बारीक दाबाला पेडल दाद देत नाही. मग माणूस जोरात दाबतो आणि विमान धावपट्टीच्या दुसऱ्या कडेला जातं. पाय काढल्यावरही स्क्रीनवरचा काटा थरथरत असेल तर दोन-तीन टक्के द्या. टो ब्रेकला मात्र थोडा जास्त डेडझोन दिला तर फायदाच होतो, पण मेसेजमध्ये ब्रेकचा उल्लेखही नाही.

पेडल हलता कामा नयेत, हे एक त्यांचं खरं आहे. पण त्याच वाक्यात "खुर्ची कोणतीही" म्हणून त्यांनी ते वाया घालवलं. शहाबादी फरशीवर चाकांची खुर्ची असेल तर पेडल दाबलं की आपणच मागे जातो. मग पाय पेडल दाबण्याबरोबर खुर्चीही ओढून धरतो, आणि तासाभरात मांड्या भरून येतात. नानांनी पेडलखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. खुर्चीची चाकं उपसून काढली, आणि खाटेची नवार खुर्चीच्या दांड्यापासून पेडलच्या पायापर्यंत ताणून बांधली. आता पाय जितका पुढे रेटतो तितकीच नवार खुर्चीला धरून ठेवते. बाजारातून काही आणावं लागलं नाही.

बुटांचं फार काही नाही. जाड तळव्याच्या बुटात चवड्याला पेडल कळत नाही, पातळ तळव्याचे चालतील. नाना मोजे घालून बसतात. काल संध्याकाळी त्यांनी पुन्हा जळगाव ते शिर्डी केलं आणि उतरल्यावर फोन केला. पाय कसे आहेत विचारलं तर म्हणाले, चहा ठेवायला स्वतः उठलो.