पावत्या मोडायच्या आधी तारखा बघा

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर येऊन पडला. वर तीन लाल भोंगे आणि "जुन्या ग्राहकांनो, जागे व्हा!" म्हणणं थोडक्यात असं: बँका नव्या ग्राहकाला एफडीवर एक टक्का जास्त व्याज देतात आणि जुन्याला जुन्याच दरात कुजवतात. पावती आपोआप रिन्यू झाली की जुना कमी दरच चिकटतो. म्हणून जुन्या पावत्या मोडा, जुनं खातं बंद करून नवं उघडा आणि दरवर्षी बँक बदला.

दुसऱ्या दिवशी धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, तुम्ही बँकेत होतात. माझ्या पाच पावत्या आहेत. मोडू का?"

मी एकोणतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी ठेवींच्या काउंटरवर. भाऊजींना फोनवर जे घाईत सांगितलं ते इथे नीट लिहिते, कारण तोच मजकूर पुढे भिशीच्या ग्रुपवर आला आणि मग सोसायटीच्याही.

"नव्या ग्राहकाला एक टक्का जास्त." हे आपल्याकडे चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत साफ लिहिलंय की व्याजदर सगळ्या शाखांत आणि सगळ्या ग्राहकांना सारखा हवा. एकाच तारखेला घेतलेल्या, साधारण तेवढ्याच रकमेच्या दोन ठेवींत भेदभाव करायचा नाही. दर आधी जाहीर करायचा आणि त्यावर घासाघीस करायची नाही. काउंटरवर कुणी "आमचं तीस वर्षांचं खातं आहे, पाव टक्का तरी वाढवा की" म्हणालं, तर आम्ही फक्त फलकाकडे बोट दाखवायचो. त्यांना तो आमचा माज वाटायचा; आमच्या हातात खरंच काही नसायचं. आज सकाळी पहिल्यांदा दारात आलेल्या माणसालाही तोच फलक. फार तर अडीचशे रुपयांपर्यंतची एखादी भेटवस्तू बँक देऊ शकते, आणि ती जुन्यालाही चालते.

अपवाद आहेत. ज्येष्ठ नागरिकांना जास्त दर मिळतो. जून २०२४ पासून तीन कोटी आणि त्याहून मोठी ठेव 'बल्क' धरली जाते, तिचे दर वेगळे असतात. बँकेच्या आजी-माजी नोकरांनाही जास्तीत जास्त एक टक्का वाढीव देता येतो. (तो मलाही मिळतो, हे आधीच कबूल करते.) या सगळ्या यादीत "नवा ग्राहक" कुठेच नाही.

मग ही कल्पना आली कुठून? माझा अंदाज, ब्रिटनमधून. तिकडे बचत खात्यावर पहिल्या बारा महिन्यांपुरता बोनस दर देऊन ग्राहक ओढायचा आणि वर्ष उलटलं की तो गुपचूप खाली आणायचा, ही जुनी चाल. सप्टेंबर २०१८ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने तिथल्या स्पर्धा नियामकाकडे याविरुद्ध रीतसर मोठी तक्रार केली. ती पाच बाजारांबद्दल होती: मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत. लंडनमध्ये राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने तिथला अनुभव लिहिला असेल तर तो खोटा नाही. पण "बँका" या एका शब्दावर बसून तो मिरजेला पोचला, की तो इथल्या बँकांबद्दलचा राहत नाही.

"आपोआप रिन्यू झाली की जुना दर चिकटतो." चूक. ऑटो-रिन्युअलला त्या दिवशीचा दर लागतो. तो वर गेला असेल तर वर, खाली आला असेल तर खाली. जुनी राहते ती मुदत. वर्षाची पावती पुन्हा वर्षाचीच होते. अलीकडे मात्र बँका चांगला दर अडनिड्या मुदतींवर ठेवतात. स्टेट बँकेची ४०० दिवसांची 'अमृत कलश' २०२३ मध्ये ७.१० टक्क्यांना होती, पुढे जुलै २०२४ मध्ये ४४४ दिवसांची 'अमृत वृष्टी' ७.२५ टक्क्यांना आली. ज्याची पावती झोपेतच वर्षभरासाठी पुन्हा लागली, त्याला हे दर मिळाले नाहीत आणि शेजारच्या नव्या गिऱ्हाइकाला मिळाले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नव्याला जास्त दिलं. प्रत्यक्षात त्या गिऱ्हाइकाने वेगळी मुदत मागितली होती, आणि ती मागायची मुभा जुन्यालाही होतीच.

खरा घात असतो ऑटो-रिन्युअलची सूचनाच दिलेली नसते तेव्हा. मुदत संपली, पावती कपाटात, पैसे बँकेत पडून. पूर्वी अशा काळाला निदान बचत खात्याचा दर ठरलेला होता. जुलै २०२१ पासून नियम असा की बचत खात्याचा दर आणि पावतीवरचा दर, यांतला जो कमी असेल तो. तीन लाखांची साडेसहा टक्क्यांची पावती दोन वर्षं अशी पडली आणि त्या काळाला अडीच टक्केच मिळाले, तर सुमारे चोवीस हजार गेले. बँकेने काही चोरलं नाही, तिने फक्त तुमच्या दाराची कडी वाजवली नाही. आणि दहा वर्षं कुणीच विचारलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवीदारांसाठीच्या निधीत जाते. तिथूनही परत मिळते, पण वारसांची चपलांची झीज विचारू नका.

आता "जुन्या पावत्या मोडा". या सल्ल्याचा मला सगळ्यात राग आला, म्हणून आकडेच मांडते. समजा पाच लाख रुपये तीन वर्षांसाठी ६.५० टक्क्यांनी ठेवले, व्याज तिमाही चक्रवाढ. एक वर्ष झालं आणि मोडली. मोडताना तुम्हाला ६.५० मिळत नाही. ठेवलेल्या दिवशी एक वर्षाचा जो दर होता तो मिळतो, समजा ६.२५, आणि त्यातून दंड वजा होतो, समजा एक टक्का. उरले ५.२५. हातात आले ५,२६,७७१ रुपये. आता नशिबाने नव्या पावतीला सात टक्के मिळाले आणि ती उरलेली दोन वर्षं ठेवली, तर शेवटी होतात ६,०५,१९८. आणि मूळ पावती हात न लावता तशीच ठेवली असती तर? ६,०६,७०४. अर्धा टक्का जास्त मिळवून दीड हजार घालवले, वर बँकेत दोन हेलपाटे.

हे दर वर गेले असताना. २०२५ मध्ये तर उलटं झालं. रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) वर्षभरात ६.५० वरून ५.२५ वर आणला आणि ठेवींचे दर त्यामागून उतरले. २०२३ मध्ये ज्याने पाच वर्षांसाठी सात टक्क्यांच्या आसपास ठेवले, तो जुना ठेवीदार आजच्या नव्या ठेवीदारापेक्षा जास्त कमावतोय. त्यालाच हा मजकूर सांगतो, मोड!

"जुनं खातं बंद करा, नवं उघडा." ऑगस्ट २०२५ आठवतोय? आयसीआयसीआय बँकेने महानगरी आणि शहरी शाखांत नव्या बचत खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक थेट पन्नास हजार केली. ओरड झाल्यावर काही दिवसांत ती पंधरा हजारांवर आणली. जुन्या खातेदारांना मात्र आधीचे दहा हजारच लागू राहिले. म्हणजे इथे नव्यालाच जड गेलं. शिवाय खातं बंद करणं म्हणजे पेन्शन, गॅसचं अनुदान, विजेच्या बिलाची ऑटो-पे, एसआयपी, नॉमिनी, सगळं उसवून पुन्हा शिवणं.

बचत खात्याबद्दल मजकुरात एक ओळ आहे, ती अर्धी खरी आहे: "बचत खात्यात बँक तुमच्या पैशावर मजा मारते." २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवायची आणि शेवटी तो सगळीकडे ४ टक्के होता. मग तो मोकळा केला. एक लाखापर्यंतच्या शिल्लकीला एका बँकेत सगळ्यांना एकच दर द्यायचा, त्यावरच्या रकमेला वेगळा चालतो, एवढंच बंधन राहिलं. जून २०२५ पासून स्टेट बँकेत तो २.५० टक्के आहे. नव्याला तोच, जुन्यालाही तोच. फरक इतकाच की जुन्याचे चार लाख तिथे वर्षानुवर्षं लोळत असतात. सहा टक्क्यांची पावती केली असती तर वर्षाला साधारण चौदा हजार जास्त आले असते. त्यासाठी बँक बदलावी लागत नाही. त्याच बँकेत ऑटो-स्वीपचा, म्हणजे ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप एफडीत टाकायचा, फॉर्म भरला तरी पुष्कळ काम होतं.

निष्ठेची खरी किंमत कुठे मोजावी लागते, ते या मजकुराला दिसलंच नाही. ती काउंटरशेजारच्या केबिनमध्ये मोजावी लागते. पावती संपली म्हणून आजोबा येतात. तीस वर्षं याच शाखेत येतायत, शिपायापासून सगळे ओळखीचे. आतून गोड आवाज येतो, "काका, बसा ना, चहा घ्या. एफडीत आता काय मिळतं? याच्यात टाका, एफडीसारखंच आहे." आणि सही होते ती दरवर्षी हप्ता भरायच्या विमा पॉलिसीवर. नव्या ग्राहकाला हे विकणं अवघड, तो चार प्रश्न विचारतो. जुना विश्वासाने सही करतो. माझ्या शेवटच्या शाखेत हे डोळ्यांदेखत व्हायचं आणि दोन-तीनदा तोंड उघडण्यापलीकडे मी फार काही केलं नाही. असं कुणाच्या घरी झालं असेल तर पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. लॉकरसाठी पावती मागितली, तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडावा लागला तर त्याचा खर्च भागेल एवढीच मागता येते. ज्यांचा लॉकर आधीपासून आहे किंवा खातं नीट चालू आहे त्यांच्याकडून तीही सक्तीने घेता येत नाही, हे बऱ्याच जुन्या खातेदारांना माहीत नसतं.

"दरवर्षी बँक बदला." व्याजासाठी नको. पण सगळे पैसे एकाच बँकेत असतील तर ते विभागा, त्याचं कारण वेगळं आहे. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर मिळणारी भरपाई, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत आहे, सगळ्या शाखा मिळून. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो एकच लाख होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी एक हजार रुपये काढायची परवानगी होती, आणि रांगा उभ्या होत्या त्या आयुष्यभराची पुंजी "आपल्या बँकेत" ठेवलेल्या माणसांच्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हच्या बाहेर तसंच चित्र होतं. आणि अर्धा टक्का जास्त देणारी गल्लीतली पतसंस्था ही बँक नव्हे. तिला हा विमा नाही.

भाऊजींना म्हटलं, आधी पाचही पावत्या समोर घेऊन मला फक्त मुदत संपायच्या तारखा वाचून दाखवा. चार पावत्यांना अजून वेळ होता, त्या तशाच ठेवल्या. पाचवी, दोन लाखांची, वाचताना ते मध्येच थांबले.

"वहिनी, ही मागच्या दिवाळीतच संपली की."

सोमवारी सकाळी दहाला बँकेत गेले होते.