‘मुलीलाच शिकायचे नव्हते’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

नागपुरातील मोहल्ल्यांच्या आणि समाजमंडळांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा की सरकारने मुलींचे शिक्षण फुकट केले आहे, तरीही जी शाळा सोडते तिलाच शिकायचे नसते. घरच्यांचा नकार असताना शिक्षकांनी मध्ये पडणे म्हणजे घर फोडणे होय. आणि मुलींच्या शिक्षणाचा हा आग्रह मुळात बाहेरून आलेला आहे. भाषा सभ्य असल्यामुळे चांगली शिकलेली माणसेही तो बिनदिक्कत पुढे पाठवतात.

आधी ‘फुकट’ या शब्दाकडे पाहू. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे हे खरे, परंतु शुल्क हा खर्चाचा एक तुकडा झाला. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. नववीत मुलगी घरी बसली तर त्या कायद्याने कोणालाही जाब विचारता येत नाही. ‘लेक लाडकी’ या राज्य सरकारच्या योजनेचे पैसे १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहेत, त्यामुळे आज दहावीत असलेल्या मुलीच्या हाती त्यातला छदामही पडत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास एसटीचा आहे, आणि पारडी-वाठोड्याकडून शहरात येणारी मुलगी बसते महापालिकेच्या ‘आपली बस’मध्ये. शिवाय कुही-भिवापूरकडे आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची साफ करण्याच्या जागी, देठ खुडायला गेली की धाकट्याला कोणी सांभाळायचे, हा हिशेब कोणत्याच योजनेत नाही.

‘तिलाच शिकायचे नसते’ हे विधान मुलगी शाळेतून सुटते त्या काळाकडे पाहतच नाही. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे दोन महिने लग्नसराईचे असतात, आणि त्या काळात हजेरीपट बंद असल्याने कोणती मुलगी कुठे आहे हे शाळेला कळत नाही. पहिल्या दिवशी नाव पुकारले जाते तोवर निर्णय झालेला असतो. ‘मला नाही शिकायचे’ हे वाक्य मी मुलींच्या तोंडून ऐकले आहे. बहुतेक वेळा शेजारी काका किंवा आजी बसलेली होती.

आता घर फोडण्याचा आरोप. शिक्षिका म्हणून मी अनेक घरी गेले आहे, आणि सरसकट ‘विरोध’ असा मला क्वचितच भेटला. पारडीतल्या एका आईने कुकरची शिट्टी मोजता मोजता सांगितले, “मॅडम, मी काय शिकू नको म्हनते का? पन सांजच्याले अंधार पडते, अन् त्या पुलाखालून पोरगी एकटीच येते.” नकार होता तो त्या पुलाखालच्या दीडशे पावलांना. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम बदलून सकाळपाळीचे कनिष्ठ महाविद्यालय वर घेतले, गल्लीतली दुसरी मुलगी सोबतीला मिळाली आणि विषय संपला. त्या घराचे काही फुटले नाही.

सगळीकडे असे होत नाही. मौदा तालुक्यातील एका घरी सोळा वर्षांच्या मुलीची सोयरीक ठरली होती आणि आमचे बोलणे कोणी ऐकूनही घेतले नाही. अशा वेळी २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे. त्यात लग्न लावून देणाऱ्यांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, गावपातळीवर ग्रामसेवकाला (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला) बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे अधिकार दिलेले आहेत, आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कोणालाही फोन करता येतो. तो आम्ही केला. लग्न थांबले, पण मुलगी वर्गात परतली नाही. पुढच्या वर्षी तिने १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी दिली. याला मी यश म्हणेन की नाही, मलाच ठरवता आलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील महाराष्ट्रातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे मौद्याचे घर अपवाद नव्हे.

‘बाहेरून आलेला आग्रह’ हे तर नागपुरात बसून लिहायला धाडसच हवे. उमरेडच्या जाईबाई चौधरी यांनी स्टेशनवर हमाली केली, शिकल्या, आणि याच शहरात १९२० च्या दशकात चोखामेळा कन्याशाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो स्त्रियांपुढे मुलांना शिकवा आणि लग्नाची घाई करू नका असे सांगितले, तेही इथेच.

मग मध्ये पडायचे कुठे, असा प्रश्न संदेश पाठवणाऱ्या एका परिचिताने मला केला. शाळेच्या कार्यालयात, असे मी त्यांना म्हटले. मे महिन्यात पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतात तेव्हा बाबूंनी पुढच्या शाळेचे नाव विचारून वहीत लिहावे, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या शाळेला फोन करून मुलगी पोहोचली का ते पाहावे. आमच्याकडे ती वही दोनशे पानी आहे. गेल्या जूनपर्यंत तिची अकरा पाने भरली होती.