विकतचं दुखणं, एक लिटरच्या पॅकिंगमध्ये

क्रूझवर ड्यूटी फ्री बाटली घेतलीत? अभिनंदन. पैसे गेले, बाटली मात्र अजून तुमची झालेली नाही. ती तुमची आहे की नाही हे आता जहाजवाले, परक्या देशाचं कस्टम्स, विमानतळावरची सिक्युरिटी आणि शेवटी आपलं मुंबईचं कस्टम्स असे सगळे मिळून ठरवणार. आणि विकणाऱ्याला हे सगळं माहीत असतं. माहीत असून एक अक्षर बोलत नाही, माझा राग त्याच्यावर आहे.

आमची क्रूझ सिंगापूरहून निघणारी. मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर. ठाण्या-पुण्याकडची मंडळी हल्ली हीच करतात. ग्रुप टूर, सकाळी इडली, रात्री जैन जेवणाची वेगळी रांग आणि डेकवर अंताक्षरी. जहाज बंदरात असेपर्यंत दुकानांची शटरं खाली, कारण तिथे त्या देशाचा कर लागतो. जहाज समुद्रात बाहेर गेलं की शटरं वर आणि लाउडस्पीकर सुरू. दोन घ्या, सवलत. चार घ्या, अजून सवलत. एक लिटरच्या बाटल्यांचे मनोरे रचलेले आणि त्यांच्या बाजूला गोड हसणारी एक मुलगी. कायदा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे शटर उघडताना यांना मैलापर्यंत कळतं. गिऱ्हाईकाला सांगायची वेळ आली की वाचा बसते.

आता मी काही एवढा मोठा पिणारा नाही. पण निघायच्या आधीच घरच्या ग्रुपवर यादी तयार होती. मेहुण्यांना एक. काकांना एक. सोसायटीच्या सेक्रेटरीला एक, कारण पार्किंगचा विषय प्रलंबित आहे. ‘अरे, तू जातोच आहेस ना, एक बाटली काय जड आहे?’ जड आहे हो! एक लिटरची काचेची बाटली खोक्यासकट दीड किलोच्या वर जाते. पण हे सांगणार कोणाला? पैसे विचारले की ‘आल्यावर बघू ना’.

टूर मॅनेजरला मी मुद्दाम विचारलं, किती नेता येतात? तो छातीठोकपणे म्हणाला, ‘माणशी दोन लिटर, बिनधास्त.’ आम्ही नवरा-बायको, म्हणजे चार लिटर. एक लिटरच्या चार बाटल्या घेतल्या. केबिनचं कार्ड पुढे केलं, मशीनने टुंई केलं, झाला व्यवहार.

झाला कसला? बाटल्या हातात देतच नाहीत. पावती देतात. बाटल्या शेवटच्या रात्री मिळणार. का, तर तुम्ही केबिनमध्ये बसून स्वतःच्या बाटलीतली प्यायलात तर बारमध्ये पेग कोण घेणार? त्या बारमध्ये एका पेगला जे पैसे उकळतात, त्यावर पुन्हा सर्व्हिस चार्ज. फुकेतला उतरून कोणी बाहेरून बाटली आणली तर जहाजावर चढतानाच एक्स-रे मशीनपाशी काढून घेतात आणि चिठ्ठी फाडून देतात. म्हणजे आमच्याच पैशाची वस्तू आमच्यापासूनच वाचवून ठेवायची. ठीक आहे बाबा, तुझं जहाज, तुझे नियम. हे एक वेळ समजू शकतो.

पण शेवटच्या रात्रीचा तमाशा समजू शकत नाही. त्याच रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या उचलून नेतात आणि सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. आणि बाटल्यांची रांगही त्याच रात्री! जेवण झाल्यावर पाचव्या मजल्यावर एका टेबलामागे दोन पोरं उभी, समोर तीनशे-साडेतीनशे माणसं. कोणाच्या हातात पावती, कोणी पावती हरवलेला, कोणी ‘आमचं फक्त चॉकलेट आहे हो, जरा पुढे सोडा’ म्हणत घुसणारा. एका आजोबांच्या केबिनचा नंबर चुकीचा लिहिला गेला होता. ते बिचारे पावतीवर बोट ठेवून मराठीत समजावत होते आणि समोरचा पोरगा इंग्रजीत सॉरी म्हणत होता. दोघांचंही बरोबर होतं आणि रांग तिथल्या तिथे.

बाटल्या घेऊन केबिनला पोचेपर्यंत बायकोने मोठ्या बॅगा बाहेर ठेवलेल्या. त्या परत आत ओढल्या, कुलपं उघडली. एवढ्याशा केबिनमध्ये पलंगावर बॅग उघडली की माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. टॉवेल, माझी जीन्स, धुवायचे कपडे, बायकोची एक कॉटनची साडी (‘ती नको, ती नको, ती आईची आहे’), सगळं बाटल्यांभोवती गुंडाळलं. मोजे बाटलीच्या मानेत खुपसले. झाकणावर प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. रात्री बारा वाजता सुट्टीवर आलेली दोन माणसं घामाघूम होऊन व्हिस्कीला बाळंतविडा नेसवत बसली होती!

सकाळी सिंगापूर. आणि इथे कळलं की टूर मॅनेजरचे ‘माणशी दोन लिटर’ हे भारताचे दोन लिटर. सिंगापूरचा हिशेब वेगळा आहे. तिथेही एकूण दोनच लिटर माफ, पण त्यात व्हिस्की, रम, व्होडका असली कडक दारू फक्त एक लिटर. दुसरा लिटर वाइन किंवा बिअरचा. आणि हे सगळं तुम्ही निदान ४८ तास सिंगापूरच्या बाहेर असाल तर, आणि मलेशियातून येत नसाल तर. मलेशियातून आलात की सवलत शून्य. आमचं शेवटचं बंदर फुकेत होतं म्हणून निदान एक-एक लिटर तरी सुटला. बंदरांचा क्रम उलटा असता आणि शेवटचं पेनांग असतं, तर आम्हाला एक थेंबसुद्धा माफ नव्हता. त्या छोट्या क्रूझ असतात ना, सिंगापूर ते मलेशियातलं पोर्ट क्लांग आणि परत, त्यांच्यावर सुद्धा हीच दुकानं आणि हेच मनोरे, बरं का.

तर आमच्या दोन बाटल्या जादा. ड्यूटी कशी लागते ते ऐका. बाटलीवर नाही, तिच्यातल्या शुद्ध अल्कोहोलवर. लिटरला ८८ सिंगापूर डॉलर. ४० टक्क्यांच्या एक लिटरच्या बाटलीत ०.४ लिटर, म्हणजे ३५.२० डॉलर. दोन बाटल्यांचे ७०.४०. त्यावर ९ टक्के जीएसटी, तोही बाटलीची किंमत आणि ड्यूटी दोन्ही मिळून. रुपयात साडेचार हजारांच्या वर गेलं प्रकरण. खिडकीवरची बाई अतिशय सभ्य होती. भरा, नाहीतर इथेच सोडून जा, एवढंच म्हणाली. तिच्यावर चिडायला काही जागाच नव्हती आणि त्यामुळे अजून चीड आली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणि कोंबडी माझी नाही, मेहुण्यांची.

भरले पैसे. बाहेर आलो तर आमच्या ग्रुपमधले तिघे-चौघे कॉफी पीत उभे. सगळ्यांकडे जादा बाटल्या. सगळे ‘जाहीर करायला काही नाही’वाल्या ग्रीन चॅनलमधून ताठ मानेने निघून आलेले. ‘तुम्ही कशाला सांगायला गेलात? कोण बघतंय?’ एक काका तर मला हरिश्चंद्र म्हणाले. सिंगापुरात जाहीर न करता माल नेताना सापडलं तर दंड होतो, हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, ‘सापडलं तर ना!’ म्हणजे नियम पाळून पैसे भरणारा येडा आणि वर त्याच्यावरच हसायचं. यांना घरी सिग्नलवर बघितलंय मी. तिथेही हेच.

पुढे चांगी विमानतळ. चेक-इनला वजन जास्त भरलं, ते ओघानेच आलं. जीन्स काढून अंगात घातली, जॅकेट घातलं, सिंगापूरच्या त्या दमट हवेत. ते सोडा. खरा प्रसंग पुढचा. ग्रुपमधलं एक नवीन लग्न झालेलं जोडपं, साताऱ्याकडचं. त्यांनी जहाजावरची बाटली हँडबॅगेत ठेवली होती. दुकानातून घेतलेली, खोक्याला रिबन, पावती सोबत, त्यांना वाटलं ड्यूटी फ्री आहे म्हणजे चालतं. चालतं ते फक्त विमानतळावरच्या दुकानातून घेतलेलं, तेही त्या खास सीलबंद पारदर्शक पिशवीत, जी उघडली की उघडल्याचं दिसतं. जहाजाच्या दुकानाची पिशवी म्हणजे नुसती गुळगुळीत कागदी पिशवी, सोनेरी अक्षरं आणि दोरीचे कान. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला तेव्हापासून जगातल्या बहुतेक विमानतळांवर १०० मिलीलिटरच्या वर कुठलाही द्रव हातातून नेता येत नाही. जहाजाच्या दुकानदाराला हे माहीत नसेल? त्याच्याकडून घेणारा प्रत्येक जण उद्या विमानतळावर जाणार हे त्याला माहीत नसेल?

बरं, आमच्या टर्मिनलवर सिक्युरिटी थेट गेटवर. तोपर्यंत मोठ्या बॅगा केव्हाच विमानाकडे गेलेल्या. परत फिरून काही करायची सोय नाही. त्या पोराने बाटली टेबलावर ठेवली, खोक्यावरची रिबन नीट केली आणि बायकोकडे बघून म्हणाला, ‘बाबांसाठी होती.’ त्या अधिकाऱ्याने बाटली उचलून मागच्या डब्यात ठेवली. फोडली नाही, फेकली नाही, अगदी हळू ठेवली. पण गेली ती गेलीच.

मुंबईत उतरलो. बॅगांच्या पट्ट्याकडे जाताना वाटेतच ड्यूटी फ्रीचं दुकान लागतं. लखलखीत. आणि तिथे कोण होतं? तीच बाटली. तेच खोकं, तोच एक लिटर. जहाजापेक्षा थोडी महाग असेल, पण सिंगापूरची ड्यूटी धरली तर आमची कितीतरी वर गेली. ना टॉवेल, ना मोजे, ना रांग. उचलली की घरी. मी तिथे उभा राहून ती किंमत वाचली आणि बायको म्हणाली, ‘चल आता, तमाशा नको.’ इथेही माणशी दोन लिटर हा हिशेब लिटरचा आहे, बाटल्यांचा नाही. ग्रुपमधल्या एकाने ७५० मिलीच्या तीन घेतल्या होत्या, म्हणजे सव्वादोन लिटर, आणि बायकोच्या कोट्यात टाका म्हणून कस्टम्सवाल्याशी हुज्जत घालत होता. बायकोचे दोन आधीच भरलेले होते! मी थांबलो नाही. गोव्याहून गाडीने येताना इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडून चाललेल्या असल्या चर्चा मी भरपूर ऐकल्यात.

मला कायद्यावर राग नाही. महाराष्ट्रात तर दारू बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, १९४९ पासूनचा कायदा आहे, आणि मेहुण्यांकडे तो आहे का हे मी विचारतही नाही. प्रत्येक देशाने हवे तेवढे लिटर ठरवावेत. पण त्या जहाजावर रोज संध्याकाळी केबिनच्या दारात उद्याचा कार्यक्रम छापून सरकवतात. झुंबा किती वाजता, बिंगो कुठे, कॅप्टनबरोबर फोटो काढायला कपडे कसले घालायचे. आइस कार्व्हिंगला अर्धं पान. त्यात चार ओळी नाही टाकता येत? सिंगापुरात माणशी एकच लिटर कडक दारू चालेल, हातातल्या बॅगेत ठेवू नका, बॅगा बाहेर ठेवायच्या आधी बाटल्या मिळतील. शेवटची ओळ खरी करण्यासाठी फक्त ती रांग दोन तास आधी लावायची आहे. पण नाही. चार ओळी छापल्या तर चारच्या जागी दोन बाटल्या खपतील ना.

आणि टूर मॅनेजर! त्याला विमानात गाठून विचारलं, तुम्ही दोन लिटर म्हणाला होतात. तर म्हणतो, ‘सर, मी इंडियाचं सांगितलं होतं. सिंगापूरचं तुम्ही विचारलं नाही.’ वरून फीडबॅक फॉर्म हातात, पाच स्टार द्या म्हणे.

बाटली पोचवायला मेहुण्यांकडे गेलो. खोकं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, ‘सिंगल माल्ट नव्हती का?’

मेहुणे, हे वाचत असाल तर बाटलीचे आणि ३५.२० डॉलर ड्यूटीचे, जीएसटीसकट, अजून यायचे आहेत. जीपे नंबर तोच आहे.